चारशे तेरावी नोंद

शहाद्याहून वर निघालेली जीप घाटात तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा ड्रायव्हरने मागे न बघताच हुकूम सोडला, "उतरा सगळे. धक्का मारा."

सगळे उतरले. मी बसून राहिलो. माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क होती आणि तिला जिवापेक्षा जप, असं नाशिकहून बजावलेलं होतं.

"तान्हं आहे का हो त्यात?" काखेत कोंबडी घेऊन ढकलायला उतरलेल्या एका बाईंनी विचारलं.

"तान्ह्यापेक्षा नाजूक आहे," मी म्हणालो. त्यावर ढकलणारे इतके हसले की जीप वीतभर मागेच आली.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि नाशिकच्या एका आरोग्य संस्थेत डेटाबेस सांभाळत होतो. संस्थेची सातपुड्यात पाच केंद्रं होती. आश्रमशाळांतल्या मुलांचं रक्त तपासायचं आणि सिकलसेलचा आजार कुणाला आहे ते शोधायचं, हे तिथलं काम. ज्या मुलाला आजार निघेल त्याच्या नावाचं कार्ड नाशिकला छापलं जाई. ते कार्ड हातात असलं की मूल कुठेही गेलं तरी तिथल्या डॉक्टरला पहिल्या मिनिटात कळायचं की याला काय झालंय आणि काय द्यायचं. कार्ड नसलं की साधा ताप समजून घरी पाठवायचे. अशी दोन मुलं आदल्या वर्षी गेली होती.

मूळ माहिती नाशिकच्या सर्व्हरवर आणि प्रत्येक केंद्रावर तिची एकेक प्रत, अशी आमची रचना. केंद्रावर लिहिलेलं फोनच्या तारेवरून नाशिकला जाई, नाशिकचं तिकडे येई आणि दोन्हीकडे सारखं होई. कागदावर तरी तसंच होतं. प्रत्यक्षात ती तार म्हणजे निव्वळ छळ होता. त्या महिन्यात आम्ही माहितीची मांडणी बदलली होती, त्यामुळे केंद्रांवरच्या जुन्या प्रती पुसून नव्या बसवायच्या होत्या. एक आख्खी प्रत तारेवरून पाठवायला नऊ दिवस लागले असते, तेही तार एकदाही न तुटता. आणि ती दर दोन तासांनी तुटायची.

यावर तोड काढली कुलथे सरांनी. प्रत डिस्कवर घ्यायची, माणसाच्या हाती एसटीने, जीपने केंद्रावर न्यायची, तिथे बसवायची आणि मग तारेवर फक्त रोजच्या चार नोंदींचं ओझं टाकायचं. चार केंद्रं मी अशी बसवून आलो होतो. पाचवं आणि शेवटचं भुईपाणी.

कुलथे सरांबद्दल सांगायला हवं. डिप्लोमाला दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या मला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा या माणसाने माझी मुलाखत घेतली, एकही प्रश्न धड आला नाही तरी म्हणाले, "येत नाही ते येत नाही म्हणतोस. शिकशील." पाच वर्षं त्यांनी मला शिकवलं. माझे वडील वारले तेव्हा अमरधाममध्ये माझ्या शेजारी उभे होते. सर म्हणाले की पूर्व, तर माझ्यासाठी पूर्व. बायकोने, म्हणजे तेव्हा लग्न व्हायचं होतं तिने, एकदा विचारलंही होतं, "तुझं लग्न माझ्याशी ठरलंय की सरांशी?"

भुईपाण्याचं केंद्र सिंधू पावरा सांभाळायच्या. परिचारिका, वय पस्तिशीचं, वर्षावर्षाच्या करारावर आठ वर्षं काढलेली. येत्या जानेवारीत त्यांना कायम करायचं घाटत होतं. पहिल्या भेटीत त्या मला सर म्हणाल्या, तेव्हा मी हात जोडले होते. "सर एकच आहेत, नाशिकला. मला भाऊ म्हणा." तेव्हापासून मी भाऊ झालो.

या सिंधूताईंकडे एक रजिस्टर होतं. लाल कापडी बांधणीचं, भलंमोठं, प्रत्येक मुलाच्या नावासमोर आईचं नाव, पाड्याचं नाव, घराची खूण. "आंब्यापासून तिसरं घर" वगैरे. संगणक आला तरी त्या आधी रजिस्टरात लिहायच्या आणि मग टाइप करायच्या. मला ते खपेना. मागच्या खेपेला मी चक्क रजिस्टर काढून घेतलं होतं.

"आता याची गरज नाही, सिंधूताई. दोन ठिकाणी लिहिलं की दोन ठिकाणी चुका. मशीनमध्ये एकदा लिहा आणि तपासणीच्या चिठ्ठ्या फाडून टाका."

"मशीन विसरलं तर?"

"माणूस विसरतो. मशीन विसरत नाही. आणि इथलं विसरलं तरी नाशिकला असतंच की."

"अर्धं कोरं आहे अजून," एवढंच त्या म्हणाल्या आणि रजिस्टर माझ्या हातात दिलं. मी ते नाशिकला नेऊन माझ्या कपाटावर ठेवलं होतं. जुनी शिकार भिंतीवर लावतात तसं.

तर त्या शनिवारी सकाळी मी भुईपाण्यात पोचलो. सर्व्हरवर विणलेलं झाकण होतं आणि समोर उदबत्ती. सिंधूताई थकलेल्या दिसत होत्या, पण खुशीत होत्या. अकरा दिवस फोनची तार बंद होती, आदल्या दिवशीच सुरू झाली होती. त्या अकरा दिवसांत त्यांनी तीन आश्रमशाळा पालथ्या घातल्या होत्या.

"दिवाळीची सुट्टी लागेल ना भाऊ, मग पोरं घरी जातात आणि घरचे त्यांना घेऊन ऊसतोडीला गुजरातेत. नंतर कुठे शोधू? म्हणून आधीच उरकलं. चारशे बारा पोरं. सगळी मशीनमध्ये घातली. चिठ्ठ्या फाडल्या तुमच्या सांगण्यावरून."

"शाब्बास."

"कार्डं सुट्टीच्या आत येतील ना? मी आयांना शब्द दिलाय."

"येतील. माझ्यावर सोडा."

काम सरळ होतं. या चारशे बारा नोंदी जगात फक्त त्या टेबलावरच्या यंत्रात होत्या. त्या आधी नाशिकला चढवायच्या, चढल्याची खात्री करायची आणि मगच जुनी प्रत पुसून डिस्कवरची नवी बसवायची. स्क्रीनवर त्यासाठी एक चौकोन असतो: इथलं न पाठवलेलं आधी वर पाठवायचं का? त्यावर खूण केली की यंत्र आधी पाठवतं, मग पुसतं. खूण काढली की नुसतं पुसतं.

मी खूण करून सुरू केलं. मोडेम किरकिरला. साठ टक्क्यांवर तार तुटली. पुन्हा लावलं. पन्नासवर तुटली. तिसऱ्यांदा सत्तरपर्यंत जाऊन तुटली आणि मी टेबलावर मूठ आपटली, तशी उदबत्ती आडवी झाली. वीज दहा ते पाच असायची. दीड वाजला होता.

तेवढ्यात सरांचा फोन.

"निरंजन, काय स्थिती आहे? सोमवारी दिल्लीची निधी देणारी मंडळी पाहणीला येतायत. पडद्यावर पाचही केंद्रं हिरवी दिसायला हवीत."

"सर, वर चढतच नाहीये. तीनदा तुटलं."

"किती नोंदी आहेत?"

"चारशे बारा."

"हं."

"सर, नाहीतर मी असं करतो. नोंदी पेनड्राइव्हवर घेऊन येतो. तिकडे हाताने भरू. दोन दिवस जातील, पण—"

"दोन दिवस कुठे आहेत? एकदा शेवटचं लाव. मी इकडून लक्ष ठेवतो. तासाभराने फोन करतो."

मी पुन्हा लावलं आणि जेवायला गेलो. सिंधूताईंच्या बहिणीने ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ केली होती. ओसरीवर बसून मी दोन भाकऱ्या हाणल्या. परत आलो तर सिंधूताई यंत्रापाशी होत्या आणि दाराशी एक बाई आठेक वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीचे डोळे पिवळट होते.

"ही रमिला," सिंधूताई म्हणाल्या. "तपासणीच्या दिवशी शाळेत नव्हती. आत्ता तपासली. आजार आहे, भाऊ. आत्ताच मशीनमध्ये घातली. चारशे तेरा झाली आता."

मी स्क्रीनकडे पाहिलं. तार पुन्हा तुटली होती. लाल अक्षरात तीच चूक. आणि फोन वाजला.

"आलं रे सगळं!" सर म्हणाले. "बसव आता नवी प्रत."

"पण सर, इथे चूक दाखवतंय."

"दाखवणारच. नोंदी इकडे पोचल्या, पोच तुझ्याकडे परत येताना तार तुटली. मी स्वतः मोजल्यात. चारशे बारा."

सिंधूताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "भाऊ, तेरा ना?"

मी फोनवर हात ठेवला. "रमिलाची नोंद राहिली असेल मागे. एकच आहे, नंतर पुन्हा टाइप करा."

"नक्की आल्यात ना, सर?" मी फोनमध्ये विचारलं.

"निरंजन, मी मोजून सांगतोय." आवाजात किंचित नाराजी होती. "खूण काढ आणि दाब."

माझ्या खिशात पेनड्राइव्ह होता. पाच मिनिटांचं काम होतं. तो मी काढला नाही, कारण सरांनी मोजून सांगितल्यावर तो काढणं म्हणजे सरांच्या शब्दावर शंका घेणं. मी चौकोनातली खूण काढली आणि बटण दाबलं.

साडेचारपर्यंत नवी प्रत बसली. सिंधूताईंनी रमिलाची नोंद आठवणीने पुन्हा घातली. तार लावली. एकच नोंद होती, ती तीन मिनिटांत नाशिकला गेली आणि भुईपाणी हिरवं झालं. पण तपासणी शिबिराच्या पानावर आकडा होता एक.

"बाकीची पोरं?" सिंधूताईंनी विचारलं.

"नाशिकहून उतरतील हळूहळू. तार कशी आहे बघताय ना."

"शब्द दिलाय मी, भाऊ."

"अहो, येतील हो."

सोमवारी पाच हिरवे दिवे दिसले. दिल्लीकरांनी टाळ्या वाजवल्या, सरांच्या पाठीवर थाप मारली, सरांनी माझ्या. मंगळवारी सकाळी सिंधूताईंचा फोन आला. "भाऊ, पोरं अजून उतरली नाहीत."

मी नाशिकच्या सर्व्हरवर स्वतः बसलो. भुईपाणी, शिबिर, ऑक्टोबर. एक. रमिला. मी दुसऱ्या वाटेने शोधलं, तिसऱ्या वाटेने शोधलं. येण्याजाण्याची नोंदवही उघडली. शनिवारी दुपारी भुईपाण्याहून आलेलं प्रत्येक पाठवणं अर्धवट तुटलेलं आणि अर्धवट म्हणून परत फिरवलेलं. रमिलाची सोडली तर एकही नोंद कधी पोचलीच नव्हती.

तेव्हा मला तो आकडा आठवला. चारशे बारा. सरांना तो मीच सांगितला होता. त्यांनी काही मोजलं नव्हतं. माझाच आकडा तासाभराने मला परत केला होता. आणि समोर बसलेली बाई तेरा म्हणत असताना मी तिचं ऐकलं नव्हतं.

मी सरांच्या खोलीत गेलो.

"सर, नोंदी आल्याच नव्हत्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दार लाव." मी लावलं. "सोमवारी चार हिरवे आणि एक लाल दिसला असता तर हा सगळा प्रकल्प गुंडाळला असता, निरंजन. पाचही केंद्रं गेली असती. चारशे मुलं पुन्हा तपासता येतात."

"मला सांगायचं तरी. मी पेनड्राइव्हवर घेतल्या असत्या."

"तू घेतल्या असत्यास आणि मग त्या भरल्याशिवाय पुढे गेला नसतास. ओळखतो मी तुला."

ओळखतो मी तुला! त्या वाक्याने माझ्या अंगाची जी लाहीलाही झाली ती आजही आठवली की जेवण जात नाही. म्हणजे माझा प्रामाणिकपणा त्यांना ठाऊक होता, आणि तो आडवा येईल म्हणून त्यांनी मला फसवलं होतं. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. या माणसाने वडिलांच्या वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

गुरुवारी विश्वस्तांची बैठक झाली. चारशे मुलांची माहिती गेली कशी, असा प्रश्न आला. मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, निदान इथे तरी बोलतील.

"मी निरंजनला तीनदा बजावलं होतं," सर शांतपणे म्हणाले, "आधी वर पाठव, मग पूस."

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. मित्रांना, नव्या नोकरीत हाताखाली आलेल्यांना, दोनदा तर भर लग्नाच्या पंगतीत. नेहमी इथेच थांबवतो. सरांनी केसाने गळा कापला, हे माझं शेवटचं वाक्य. ऐकणारे हळहळतात, कुणी सरांना चार शिव्या हासडतं, मलाही बरं वाटतं. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

बैठक संपल्यावर सर मला जिन्यात घेऊन गेले. त्यांच्या हातात टाइप केलेला एक कागद होता.

"तुझी नोकरी जाऊ देईन का मी? वाच."

अहवाल होता. माहिती वर चढत असताना केंद्रातील परिचारिकेने यंत्र मध्येच बंद केले, त्यामुळे नोंदी नष्ट झाल्या. खाली दोन सह्यांची जागा. एकीवर सरांची सही झालेली.

"सर, ताईंनी असलं काही केलेलं नाही."

"तिला कोण काय करणार आहे? एक ताकीदपत्र जाईल, झालं. तुझं मात्र पुढच्या महिन्यात लग्न आहे." त्यांनी पेन पुढे केलं. "की वर जाऊन सांगतोस, मी खोटं बोलतो म्हणून? जा. मी अडवत नाही."

वर जायला अकरा पायऱ्या होत्या. त्या मी मोजल्या, हे आठवतं. मग मी पेन घेतलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी सिंधूताईंचा फोन आला. पुन्हा तपासणी करायची, एवढं त्यांना ऑफिसातून कळवलं होतं; मधल्या काळात मी त्यांना एकदाही फोन केला नव्हता.

"भाऊ, फिरून आले सगळे पाडे," त्या म्हणाल्या. आवाज बसलेला होता. "पुन्हा सुई टोचू देईनात. आया म्हणतात, आमच्या पोरांचं रक्त विकते का काय तू? पाया पडले एकेकीच्या. तीनशे एकाहत्तर झाली. बाकीची बेचाळीस उसाला गेली, त्यांचा पत्ता नाही. सुट्ट्या कागदांवर लिहिलंय. वाऱ्याने उडतात कागद."

"मशीनमध्ये—"

"मशीनमध्ये आधी नाही लिहीत मी आता." त्या म्हणाल्या. "काल पत्र आलं, भाऊ. कायम करत नाहीत म्हणे. मशीन मी मध्येच बंद केलं, असं त्यात आहे. अहवालाची प्रत जोडलीय. खाली दोन सह्या आहेत. एक वाचता येत नाही. दुसरी तुमच्यासारखी दिसते."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचीच आहे का?"

"हो."

फोनच्या तारेत नेहमीची खरखर होती. त्यामागे कुठेतरी कोंबडं आरवत होतं. मला वाटलं, आता शिव्या देतील, रडतील. मी त्यासाठी तयार होतो, खरं तर वाटच बघत होतो. काही सांगताही आलं असतं मग, सरांचं नाव, चारशे बाराची हकीकत, माझी कशी फसवणूक झाली ते सगळं.

"तुमच्या कपाटावर माझं रजिस्टर आहे," त्या म्हणाल्या. "तेवढं शहाद्याच्या गाडीने पाठवा. अर्धं कोरं आहे अजून."

"आजच पाठवतो, सिंधूताई."

"बरं आहे, सर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.